डालगं, खुराडं आणि 28 पाखरं

गेल्या काही महिन्यांत आम्ही ज्या ज्या गटाच्या बैठकीला गेलो, तिथे एकच प्रश्न निघाला. कोंबड्या वाढल्या, खुराडं पुरत नाही, मोठं बांधायचं तर पैसा कुठून आणायचा? हिशेब सांगूच, पण आधी थोडं मागे जाऊ. खुराडं लहान का राहिलं हे कळलं, तर ते स्वस्तात मोठं कसं करायचं हेही निम्मं कळतं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," असं आपण सहज म्हणून जातो. कोंबडं झाकायचं कशाने? तर डालग्याने. बुरडाने बांबूच्या कांब्यांनी विणलेलं, उपडं घातलं की घुमटासारखं दिसणारं डालगं. संध्याकाळ झाली की घराघरातून "कोंबड्या डालल्या का गं?" असा आवाज यायचा. त्याखाली पिल्लांसकट एक कोंबडी मावायची, फार तर चार कोंबड्या. उरलेल्या आंब्यावर नाहीतर मांडवावर जाऊन बसत. पुढे ओट्याला लागून किंवा भिंतीत मातीचं खुराडं आलं, पण तेही तेवढंच. शहरातल्या एका खोलीत सहा माणसं राहू लागली, तर आपण म्हणतो, "काय हे खुराडं!" म्हणजे खुराडं अडचणीचंच असायचं, हे भाषेनेसुद्धा मान्य करून टाकलं.

असं का झालं? आमचं मत सांगतो. बैल, शेत, घर हे घरधन्याच्या हिशेबात. कोंबडी बाईच्या हिशेबात, आणि तो हिशेब कुठे लिहिलेला नसायचा. चार अंडी विकून मीठ-तेल आणायचं, पाहुणा आला की कोंबडा कापायचा, लेकीच्या बाळंतपणाला दोन तलंगा बाजारात न्यायच्या. जी मिळकत मोजलीच जात नाही, तिच्या घरावर कोण पैसा घालणार? गोठ्याला लाकूडफाटा मिळाला, कोंबडीला उरलेला तुकडा.

वास्तविक कोंबडीचं आणि आपल्या धानाचं नातं फार जुनं. थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणी उत्खननात सापडलेली पाळीव कोंबडीची हाडं इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातली आहेत. माणसाने धान आणि भरडधान्य पिकवायला सुरुवात केली, सांडलेल्या दाण्यांसाठी रानकोंबड्या वस्तीजवळ येऊ लागल्या आणि हळूहळू माणसाळल्या, असं 2022 मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. आपला भंडारा धानाचा जिल्हा. खळ्यावरचे दाणे टिपणाऱ्या आपल्या कोंबड्या तेच जुनं काम करताहेत.

घराची चिंताही जुनीच आहे. पहिल्या शतकात कोलुमेला नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो, कोंबड्यांचं घर स्वयंपाकघराला लागून असावं, म्हणजे चुलीचा धूर त्यांच्यापर्यंत पोहोचेल, आणि त्याचं तोंड हिवाळ्यातल्या उगवत्या सूर्याकडे असावं. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या आज्या न वाचता हेच सांगतात: खुराडं चुलीजवळ असलं की गोचीड-पिसवा कमी. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीला पूर्वेकडच्या मोठ्या जातीच्या कोंबड्या मिळाल्या, तेव्हा 1840 च्या दशकात तिने विंडसरला त्यांच्यासाठी मोठं देखणं घर बांधवलं. राणीला खर्चाची मंजुरी कोणाकडून घ्यावी लागली नसेल, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे लहान खुराडं इतकी वर्षं चाललं, कारण कोंबड्याच टिकत नसत. मानमोडी आली की आठ दिवसांत अंगण रिकामं. हिलाच डॉक्टर राणीखेत म्हणतात. कुमाऊंमधल्या राणीखेत गावावरून 1920 च्या दशकात हे नाव पडलं. 1940 च्या दशकात त्याच डोंगराळ भागातल्या मुक्तेश्वरच्या संस्थेत तिच्यावर लस तयार झाली. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव पशुवैद्यकीय दवाखाने उघडत गेले, आणि लस घेणाऱ्या घरी कोंबड्या वाचू लागल्या.

मग कोंबडीच बदलली. 1989 मध्ये बेंगळुरूहून गिरिराज आली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेतून वनराज आली. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही शंभराच्या आसपास देते. पण वजनाने भारी. गावठी कोंबडी मुंगूस पाहून फडफडत आंब्यावर जाते, या कोंबडीला ते जमत नाही. हिला रात्री घर लागतंच. त्यातच राज्याच्या कुक्कुट योजनेत 25 तलंगा आणि 3 नर असा गट मिळू लागला. चार कोंबड्यांच्या घरात एकदम 28 पाखरं! 2019 च्या पशुगणनेत देशातल्या परसातल्या कोंबड्या सुमारे 31 कोटी 70 लाख भरल्या, 2012 पेक्षा जवळजवळ 46 टक्क्यांनी जास्त. पक्षी मोजले जातात, खुराडी मात्र कोणी मोजत नाही.

जागा नसली की रात्री कोंबड्या घरातच, आपल्या अंथरुणाशेजारी. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. तेव्हापासून दवाखान्यातले लोक सांगतात, माणसाचं झोपणं आणि कोंबडीचं झोपणं वेगळं ठेवा. बरोबरच आहे, पण वेगळं ठेवायला सांदवाडीत निवारा हवा.

आता हिशेबाकडे येऊ. जुनं खुराडं साधारण तीन फूट लांब, दोन फूट रुंद. जमीन सहा चौरस फूट, चारी बाजूंची भिंत मिळून दहा फूट. रात्रीच्या निवाऱ्याला एका पाखराला एक चौरस फूट धरला, तर 28 पाखरांना सात फूट बाय चार फूट पुरतं. जमीन साडेचारपटीहून जास्त झाली, भिंत मात्र दहाची बावीस फूट, म्हणजे दुपटीहून थोडीच जास्त. छप्पर जमिनीच्या मापाने वाढतं हे खरं, पण भिंत, जाळी आणि दार यांचा खर्च दर कोंबडीमागे उतरतो. म्हणून एका लहान खुराड्याशेजारी दुसरं लहान, तिसरं लहान असं करत जाऊ नका. एकच मोठं करा.

सामान कुठलं? बांबू. 1927 च्या वन कायद्यात बांबूला झाड ठरवलं होतं, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू नेतानाही भीती वाटायची. 2011 मध्ये शेजारच्या गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, आणि 2017 मध्ये जंगलाबाहेरचा बांबू कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून निघाला. आता बांधावरचा बांबू आपला. तळ जमिनीपासून दोन फूट उंच, बांबूच्या पट्ट्या बोटभर अंतर ठेवून बांधलेल्या, म्हणजे शीट खाली पडते आणि ते खत वाडीला जातं. अंतर बोटाहून जास्त ठेवलं तर पाय अडकतो. खालून आणि बाजूंनी बारीक छिद्रांची जाळी. पैसा वाचवायचा तर बाकी कुठेही वाचवा, इथे नको, कारण मुंगूस आणि साप भोकाचं माप घेऊनच येतात. वर तणसाचं छप्पर. टिनाचा पत्रा टिकतो, पण आपल्या मे महिन्यात त्याखाली कोंबड्या धापा टाकतात. पत्राच असेल तर त्यावर तणस पसरा. ज्यांना जमिनीवरच ठेवायचं आहे, त्यांनी राइस मिलमधला धानाचा भुसा दोन-तीन इंच पसरावा आणि ओला झाला की बदलावा.

रोजगार हमीतून शेड मिळतं का, असं बऱ्याच जणी विचारतात. 2021 मध्ये राज्याने गोठा आणि कोंबड्यांचं शेड देणारी योजना काढली. त्यात शंभर पक्ष्यांसाठी साडेसात चौरस मीटर जागा आणि 49,760 रुपये खर्च धरला होता. ज्यांना शंभर पाखरं सांभाळायची आहेत, त्यांनी ग्रामपंचायतीत जरूर विचारावं. 28 पाखरांना एवढं लागत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जातून जाळी आणि खिळे-तार आणावी, बांबू आणि तणस घरचं. कर्ज मात्र बाईच्या नावाने घ्या आणि अंड्यांच्या पैशातून फेडा, तेही वहीत लिहून. कोंबडीची मिळकत पहिल्यांदा कागदावर येईल.

एक राहिलंच. दार केवढं असावं? खुराडं झाडायला बाईच जाते, म्हणून वाकून कमरेपर्यंत आत शिरता येईल एवढं. लसही रात्री, पाखरं शांत बसलेली असताना देणं सोपं पडतं, आणि हात शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचला नाही तर चार-पाच पाखरं लसीवाचून राहतात.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने दोन सुतळ्या आणा, एक सात फुटांची, एक चार फुटांची. त्या आधी आपल्या सांदवाडीत ताणून बघा, चूल कुठल्या बाजूला आहे आणि सकाळचं ऊन कुठून येतं ते पाहा, मग बसून बोलू.