टमाटा, वेलवांगी आणि डब्यातली चेरी

लातूर जिल्ह्यातल्या देवणीच्या बाजारात ‘टोमॅटो’ असं कुणी म्हणत नाही. एक असला तर टमाटा, पाटीभर असले तर टमाटे. लातूरच्या मोठ्या किराणा दुकानात मात्र पारदर्शक डब्यात गोटीएवढी लाल, कधी पिवळी फळं दिसतात. डब्यावर लिहिलेलं असतं ‘चेरी टोमॅटो’. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की ‘टोमॅटो’ शुद्ध आणि ‘टमाटा’ गावंढळ. हा निवाडा मला मुळातून चुकीचा वाटतो.

आधी उच्चार पाहू. ब्रिटिश माणूस हा शब्द साधारण ‘टमाटो’ असा उच्चारतो आणि अमेरिकन ‘टमेटो’. आपण शुद्ध समजून ज्या ‘मॅ’वर जोर देतो, तो या दोघांच्याही तोंडी नाही. लिहिलेली इंग्रजी अक्षरं पाहून आपण ‘टोमॅटो’ घडवला. टमाटा कानाने घेतलेला आहे, म्हणून पहिल्या दोन अक्षरांत तो इंग्रजांच्या बोलण्याला अधिक जवळ आहे. शेवटचा ‘टो’ त्याने सोडला, त्यालाही कारण आहे. मराठीला आकारान्त पुल्लिंगी नाम घोड्यासारखं चालवता येतं: घोडा, घोडे, घोड्याचा. टमाटा त्याच चालीने जातो: टमाटे, टमाट्याची चटणी, टमाट्यात मीठ. ‘टोमॅटो’ तसाच ताठ राहतो, एक टोमॅटो आणि दहाही टोमॅटोच. मराठी व्याकरणात पुरता मुरलेला शब्द कोणता, हे यावरून ठरवावं.

शिवाय बाजूला बटाटा होताच. हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि बटाटे, बटाट्याची असा केव्हाच रुळला होता. टमाटा त्याच्याच पंगतीला बसला. गंमत म्हणजे इंग्रजीतही हेच घडलं. सतराव्या शतकात इंग्रज स्पॅनिशसारखं ‘तोमाते’ लिहीत. पुढे ‘पोटॅटो’च्या वजनावर शेवटच्या ‘ए’चा ‘ओ’ झाला. बटाट्याने दोन भाषांत या फळाच्या नावाची शेपटी बदलली.

स्पॅनिश ‘तोमाते’ आला मेक्सिकोच्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून. पण तोमात्ल म्हणजे आपला लाल टमाटा नव्हे. ते गोल, रसाळ फळांचं मोठं कुळनाव होतं. पातळ कागदी टरफलात लपेटलेलं हिरवं आंबट फळ त्यातलंच, आज त्याला तोमातियो म्हणतात. लाल फळाला वेगळं नाव होतं, ‘शितोमात्ल’. मेक्सिकोत काही भागांत आजही लाल फळाला ‘हितोमाते’ म्हणतात. स्पॅनिश लोकांनी कुळनाव उचललं आणि ते लाल फळालाच चिकटलं.

इथे मला आपली चिरबोटी आठवते. पावसाळ्यात बांधावर, पिकात आपोआप उगवणारं ते झुडूप, आणि टरफलाच्या कंदिलात पिकणारं त्याचं पिवळसर गोडूस फळ. काही भागांत त्याला पोपटी म्हणतात. चिरबोटी आणि तोमातियो ही एकाच वनस्पतिकुलातल्या एकाच प्रजातीची, ‘फायसॅलिस’ची, भावंडं. बांधावरची पोरं टरफल फोडून जे फळ तोंडात टाकतात, तेही त्या जुन्या नावाच्या हक्काच्या नात्यातलं आहे.

आपल्याकडे टमाट्याला दुसरी नावंही मिळाली. जुन्या मराठीत त्याला वेलवांगी म्हणत, बेलवांगी असंही रूप आढळतं. वेलासारखी पसरणारी वांगी, इतकी सरळ ही कल्पना. उत्तरेत त्याला विलायती बैंगन म्हणत, बंगालीत बिलाती बेगुन. आणि इटलीच्या मात्तिओली या वैद्याने 1544मध्ये या फळाचं वर्णन केलं, तेही वांग्याचाच नवा प्रकार म्हणून! फूल आणि देठाची टोपी बारकाईने पाहणाऱ्याला दोन खंडांत एकच नातं सुचलं, आणि शास्त्रानेही ते खरं ठरवलं. दोन्ही झाडं ‘सोलॅनम’च. विदर्भात ‘भेदरं’ म्हणतात, त्यात तर तोमात्लचा एकही ध्वनी नाही. ‘वेलवांगी’ मात्र आता ऐकू येत नाही, याची मला हळहळ वाटते. ते नाव झाड पाहून ठेवलेलं होतं.

आता डब्यावरची ‘चेरी’. ग्रीक ‘केरासोस’पासून लॅटिन, तिथून फ्रेंच ‘सरीझ’ आणि नॉर्मन रूप ‘चेरीझ’. इंग्रजांना शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटला, तो त्यांनी काढून टाकला आणि उरली चेरी. या छोट्या टमाट्याच्या शास्त्रीय नावातही ‘सेरासिफॉर्मे’, म्हणजे चेरीच्या आकाराचा, असं आहे. पण आपल्याकडे बहुतेकांनी पाहिलेली चेरी केकवरची, आणि ती पुष्कळदा असते साखरेच्या पाकात मुरवून लाल रंगवलेलं करवंद! म्हणजे मराठी डोळ्यांसमोर ‘चेरी टोमॅटो’ने उभी राहते ती करवंदाएवढ्या टमाट्याची आकृती.

हा टमाटा नवी टूम नाही. पेरू-इक्वेडोरकडचा रानटी टमाटा वाटाण्याएवढाच असतो, हाताच्या मुठीत न मावणारे टमाटे माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून केले. मोठ्या फळात पाणी अधिक आणि साखर विरळ. लहान फळात ती दाट राहते, म्हणून गोडी मोजणाऱ्या ब्रिक्सच्या मापावर नेहमीचा टमाटा चार-पाच दाखवतो, तर चांगला चेरी टमाटा सात-आठच्या पुढे जातो.

मग या टमाट्याला नाव कोणतं द्यावं? देवणीच्या माणसांना नाव द्यायची नजर आहे. इथल्या प्रसिद्ध गोवंशात अंगावरचे काळे ठिपके आणि तोंडाचा रंग पाहून त्यांनी वानेरा, बालंक्या, शेवरा अशी नावं दिली. हा भाग 1956पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. मराठी, कन्नड आणि दखनी इथे एकाच बाजारात बोलल्या जातात. हैदराबादी स्वयंपाकातलं ‘टमाटे का कूट’ही आपलंच रूप वापरतं, ‘टोमॅटो’ नव्हे. म्हणून लातूरच्या दुकानदारांना माझं सांगणं आहे की डब्यावर एकदा ‘बारके गोड टमाटे’ असं लिहून पाहा. देवणीहून आलेलं गिऱ्हाईक ते वाचून थांबेल आणि भाव विचारेल.