गाय काय देते?

प्राथमिक शाळेतील 'पाळीव प्राणी' हा धडा आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. गाय दूध देते, मेंढी लोकर देते, कोंबडी अंडी देते, बैल शेतीच्या कामी येतो. चित्र, नाव आणि उपयोग अशा तीन रकान्यांत गोठा बसवला की धडा संपतो. वरवर पाहता तो निरुपद्रवी आहे. परंतु चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात त्याचे पहिलेच वाक्य अडखळते.

मध्य भारतातील अनेक आदिवासी समाजांत गाईचे दूध काढण्याची रूढी नव्हती, हे मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवले आहे. भामरागड परिसरातील माडिया गोंडांची परंपराही हीच. दूध वासराचे, ही त्यामागील धारणा. गाय राखायची ती बैलांसाठी आणि शेणखतासाठी. याच परिसरात २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि १९७६ मध्ये त्याची शाळा उभी राहिली. घरी माडिया बोलणारे मूल शाळेत मराठीला प्रथम सामोरे जाते, तेव्हा 'गाय दूध देते' हे साधे वाक्य त्याला दोनदा परके असते. त्यातले शब्द परके, आणि त्यातला अनुभवही परका.

आदिवासी वस्त्यांबाहेरही चित्र फार निराळे नव्हते. झाडीपट्टी हा धानाचा मुलूख. रोवणीपूर्वीचा चिखल तुडवायला, बंडी ओढायला जनावर हवे. येथील 'कठाणी' ही स्थानिक गोजात याच कामात घडली. अंगाने लहान, काटक, चिखलात न थकणारी. दूध मात्र बेताचे. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडच्या काळात तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. दुधाच्या मापाने मोजली तर ही गाय निकृष्ट ठरते. धानाच्या बांधीत उभी केली तर तिचे मोल कळते. पाठ्यपुस्तकाचे माप पहिले आहे, शेतकऱ्याचे दुसरे.

मग या मुलखात लहान मुलांना गुरांची ओळख करून देण्याची काही निराळी रीत होती काय? होती, आणि आजही आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांनी १८०६ मध्ये तो सुरू केला, असे परंपरा सांगते. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्येच भोसल्यांच्या ताब्यात गेले होते. तेव्हा नागपूरच्या चालीरीतींना इकडे येण्याची वाट मोकळी होती. मुले लाकडी बैल सजवतात, त्याची पूजा करतात, तो घेऊन घरोघरी जातात आणि बोजारा मिळवतात. आदल्या दिवशी मोठ्यांनी खऱ्या बैलाचे जे केले, तेच मूल आपल्या हातांनी करते. त्याहीपूर्वी, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जू वाहून कठीण झालेले बैलाचे खांदे शेकले जातात. ते पाहणारे मूल श्रम म्हणजे काय हे शिकते.

दोन शिक्षणांतील भेद येथे स्पष्ट होतो. धड्याचे क्रियापद 'देणे' हे आहे आणि त्याचा कर्ता नेहमी जनावर असते. घेणारा माणूस वाक्याबाहेर उभा राहतो. सणात देणेकरी माणूस आहे. घेतल्याची कबुली आणि तिची अल्पशी फेड, हा त्या दिवसाचा आशय.

तथापि, या परंपरेचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. वर्षातून एक दिवस लाकडी बैल मिरवणे निराळे आणि वर्षभर गावची गुरे राखणे निराळे. आखरावरून गुरे रानात नेणाऱ्या मुलाला प्रत्येक जनावराची खोड, दुखणे आणि वाट ठाऊक असते. पण त्याच कामापायी त्याची शाळा बुडते. हा पेच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ओळखला होता. १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले गुरे सोडून शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात गेली. तिचे नावही 'कुरणशाळा'. मुलाजवळ जे ज्ञान आधीच आहे त्याचा मान राखून पुढचे शिकवावे, हे तत्त्व त्या एका शब्दात सामावले आहे.

आज झाडीपट्टीत ट्रॅक्टर चिखलणी करतो. अनेक घरांत लाकडी बैल आहे, गोठ्यात खरा बैल नाही. अशा काळात धडा अधिक आवश्यक आहे, केवळ त्याचा प्रश्न बदलावा लागेल. 'गाय आपल्याला काय देते?' याबरोबर 'तुझ्या घरी गाय कशासाठी राखत असत?' हेही विचारावे. भामरागड, ब्रह्मपुरी आणि नागपूर येथील मुलांची उत्तरे निरनिराळी येतील, आणि ती तिन्ही बरोबर असतील.