पर्यावरण अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण : सातारा आणि सांगली

पिण्याचे पाणी शुद्ध करणे, सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, कचऱ्याची विल्हेवाट लावणे आणि कारखान्यांचा धूर व घाण आटोक्यात ठेवणे यांसाठी लागणाऱ्या योजना आखणारी, बांधणारी आणि चालवणारी अभियांत्रिकीची शाखा म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकी. जुने नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. नागपूरची ‘नीरी’ (आजची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) १९५८ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात सार्वजनिक आरोग्यच होते. ‘पर्यावरण’ हा शब्द त्या नावात १९७४ मध्ये आला. केंद्राचा जलप्रदूषण कायदाही त्याच वर्षीचा. महाराष्ट्राने आपला कायदा त्याआधी, १९६९ मध्येच केला होता आणि १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळही स्थापले होते. पाटी बदलली तरी कामाचा गाभा बदलला नाही. गावाला पटकी-कावीळ होऊ नये, हेच या शाखेचे मूळ काम.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हा विषय मुख्यतः स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीच्या पोटात शिकवला जातो. सांगलीच्या विश्रामबागेतील वालचंद महाविद्यालय (१९४७, धोंडूमामा साठे यांनी ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ म्हणून काढलेले) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) ही या भागातली जुनी घराणी. १९८३ पासून साखराळ्याचे राजारामबापू इन्स्टिट्यूट, बुधगावचे वसंतदादा पाटलांच्या नावाचे महाविद्यालय आणि पुढे आष्ट्याचे अण्णासाहेब डांगे महाविद्यालय आले. सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात उसाबरोबर अभियांत्रिकी महाविद्यालयेही उगवली, असे गमतीने म्हणतात. त्यात तथ्य आहे. पर्यावरण अभियांत्रिकी या नावाची स्वतंत्र पदवी मात्र शेजारच्या कोल्हापुरात, के.आय.टी. महाविद्यालयाने सुरू केली आणि या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना ती सर्वांत जवळची ठरली.

अभ्यासक्रम चार वर्षांचा, आठ सत्रांचा. पहिले वर्ष सर्व शाखांना जवळपास सारखेच असते. पर्यावरणाचा खरा अभ्यास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होतो : पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा, हवेचे प्रदूषण, पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन, सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडओळख. यापेक्षा वेगळा तो सर्वच पदव्यांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण अभ्यास’. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून आलेला हा विषय बहुतेक ठिकाणी प्रकल्पाची वही भरण्यापुरता उरला आहे. दोन्हींची गल्लत पालकही करतात आणि कधी कधी विद्यार्थीही.

पाणीपुरवठ्याची आकडेमोड माणशी रोजच्या लिटरांपासून सुरू होते. शहरासाठी १३५ लिटर, जलजीवन मिशनमध्ये खेड्यासाठी ५५ लिटर. पाच हजार वस्तीच्या गावाला रोज २ लाख ७५ हजार लिटर पाणी लागते; त्यातले सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, म्हणजे २ लाख २० हजार लिटर. पहिला आकडा प्रत्येक सरपंचाला तोंडपाठ असतो, दुसरा क्वचितच. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. पन्नास वाघिणींच्या एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या ३ लाख ८० हजारांच्या वर. म्हणजे एका खेपेतून माणशी साडेसहा लिटर. ही गाडी देशभर गाजली, पण तिच्यातला हा भागाकार वर्गात फळ्यावर करून पाहण्याजोगा आहे. उलट टोकाचे उदाहरण कराडजवळच्या मलकापूरचे. तिथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने २४ तास पाणी देणारी योजना उभारली. मीटर बसवून, वापर वाढेल तसा दर वाढवून पाणी वाचवता येते, हे एका लहान गावाने दाखवले.

प्रयोगशाळेत विद्यार्थी प्रथम जार टेस्ट करतो : सहा भांड्यांत गढूळ पाणी, प्रत्येकात तुरटीची वेगळी मात्रा आणि कोणत्या भांड्यात गाळ लवकर बसतो याची नोंद. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी तांबूस होते तेव्हा जलशुद्धीकरण केंद्रावर हीच चाचणी करून तुरटी ठरवतात. त्यानंतर क्लोरीन. नळाच्या टोकाशी तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे. ग्रामपंचायतीचा शिपाई टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून ‘ओटी’ म्हणजे उरलेल्या क्लोरीनची चाचणी घेतो ती याच रसायनशास्त्राची खेडवळ आवृत्ती, आणि एवढ्या साध्या गोष्टीवर अख्ख्या गावाचे आरोग्य उभे असते.

सर्वांत महत्त्वाचे माप बीओडीचे. पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती प्राणवायू खातात, हे ते सांगते. इंग्लंडात रूढ झालेली पद्धत २० अंशांवर पाच दिवसांची. आपल्या हवामानाला धरून भारतीय मानकाने ती २७ अंशांवर तीन दिवसांची केली. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवनीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे तिच्या सांडपाण्याचा, ४० हजार आणि त्याहूनही वर. म्हणजे एक लिटर स्पेंटवॉश नदीत सोडणे हे दीडशे-दोनशे लिटर गटार सोडण्यासारखे. आणि एक लिटर मद्यार्कामागे तो ८ ते १५ लिटर निघतो. त्यापासून बायोगॅस काढणे, प्रेसमडवर (उसाच्या रसातल्या गाळावर) शिंपडून कंपोस्ट करणे किंवा आटवून जाळणे हे मार्ग पुस्तकात आहेत आणि या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या आवारात प्रत्यक्षही पाहता येतात. उन्हाळ्यात प्रवाह आटला की कृष्णेत मासे तरंगल्याच्या बातम्या येतात, तेव्हा विरलनाचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

कृष्णाकाठ हाच या विषयाचा सर्वांत मोठा पाठ आहे, आणि तो एसटीच्या एका दिवसाच्या प्रवासात वाचून होतो. नदी महाबळेश्वरला उगम पावते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. खाली वाईचे घाट, कराडला कोयनेचा प्रीतिसंगम, मग उसाचा वाळवा तालुका, सांगलीत शेरीनाला आणि हरिपूरला वारणेचा संगम. शेरीनाला शहराचे सांडपाणी नदीला आणून देतो. ते उचलून धुळगावकडे शेतीसाठी नेण्याची योजना झाली, पण नाल्याचा प्रश्न निवडणुकीमागून निवडणूक पुरून उरला. नाला वळवण्यात अवघड काही नाही. तो वळवल्यावर पंपांचे वीजबिल कोणी भरायचे, हे अवघड. अभ्यासक्रमात या प्रश्नाला एक प्रकरणही नाही, ही त्याची मोठी उणीव.

पुराचा धडा वेगळा. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. अशा वेळी जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीच्या) मोटारी बुडतात आणि चोहीकडे पाणी असताना नळ कोरडे पडतात. पूररेषेच्या वर मोटारी बसवण्याचा खर्च आराखड्यात धरायचा की नाही, याचे उत्तर त्या आठवड्यात सगळ्यांना कळले.

कचऱ्याच्या बाबतीत सातारा जिल्ह्याची कामगिरी अभिमानाची. एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात कराड देशात पहिले आले. २०२२ मध्ये पाचगणी पहिली आणि कराड तिसरे. सांगली जिल्ह्याचा वाटा खेड्यांच्या बाजूने : संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू करणारे ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. हवेचे मात्र तसे नाही. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत सांगलीचे नाव आहे.

शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. काम मात्र मराठीत, ग्रामसभेत आणि नगरपालिकेच्या सभागृहात. मराठी विश्वकोशाचे घर असलेली वाई याच नदीकाठी असली, तरी ‘जैवरासायनिक प्राणवायू मागणी’ असे म्हणणारा अभियंता भेटणे कठीण. सगळे ‘बीओडी’च म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. बीओडी म्हणजे काय हे गावकऱ्याला चार वाक्यांत सांगता येत नाही, तिथे बिघडते.

प्रवेश बारावी विज्ञाननंतर एमएचटी-सीईटीच्या गुणांवर, केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेऱ्यांतून. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात. पदवीनंतरच्या वाटा प्रदूषण नियंत्रण मंडळ, जीवन प्राधिकरण, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, नगरपालिका, साखर कारखाने आणि सल्लागार कंपन्या यांच्याकडे जातात. पुढे शिकायचे असल्यास २०२१ पासून पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेत पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. सरकारी भरतीच्या जाहिरातींत बहुधा स्थापत्य पदवी ‘किंवा समकक्ष’ असे लिहिलेले असते; स्वतंत्र पर्यावरण पदवी घेणाऱ्याने ‘समकक्ष’ या शब्दाचा अर्थ प्रवेशाआधीच विचारून घ्यावा. स्थापत्य घेऊन पर्यावरणाचे वैकल्पिक विषय आणि प्रकल्प निवडणे हा या दोन जिल्ह्यांत आजही अधिक सुरक्षित मार्ग आहे. महाविद्यालय पाहायला जाणाऱ्याने इमारत आणि कॅन्टीन पाहून झाल्यावर पर्यावरण प्रयोगशाळेत जावे आणि बीओडीचा इन्क्युबेटर २७ अंशांवर चालू आहे का, एवढे विचारावे.