रशियाला गेलेल्या ब्रिटिश रणगाड्यांचा रंग कोणता?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्राने 1994 मध्ये उभारलेले कॅव्हलरी टँक म्युझियम महाराष्ट्रातील पर्यटकांना परिचित आहे. तेथील ‘माटिल्डा’, ‘व्हॅलेंटाइन’ आणि ‘चर्चिल’ हे ब्रिटिश रणगाडे पाहताना एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. याच तीन जातींचे रणगाडे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हजारोंच्या संख्येने सोव्हिएत संघाला पुरवले होते. (संग्रहालयातील ‘चर्चिल’ मात्र ‘मार्क 7’ असून, रशियाला गेलेले त्याआधीच्या आवृत्त्यांचे होते.) ते कोणत्या रंगात रणांगणावर उतरले, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या उत्तरात युद्धकाळातील टंचाई, घाई आणि दोन सैन्यांच्या कार्यपद्धतीतील फरक दडलेला आहे.

जर्मनीने जून 1941 मध्ये सोव्हिएत संघावर आक्रमण केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधील कारखान्यांत ‘रशियासाठी रणगाडे’ हा सप्ताह पाळण्यात आला आणि ऑक्टोबरमध्ये ‘पीक्यू-1’ हा जहाजांचा ताफा पहिले वीस रणगाडे घेऊन उत्तरेकडील अर्खांगेल्स्क बंदरात पोहोचला. त्या वर्षाच्या अखेरीस मॉस्कोच्या बचावाच्या लढाईत ब्रिटिश रणगाडे उतरलेही होते. युद्ध संपेपर्यंत ब्रिटन व कॅनडातून पाच हजारांहून अधिक रणगाडे रवाना झाले. त्यांत ‘व्हॅलेंटाइन’ सर्वाधिक, म्हणजे 3,700 हून अधिक होते. ‘माटिल्डा’ हजाराच्या आसपास, तर ‘चर्चिल’ सुमारे 300. काही जहाजांबरोबर समुद्रतळाशी गेले, ते वेगळेच.

आता रंगाकडे वळू. सोव्हिएत सैन्याचा स्वतःचा एक ठरलेला हिरवा रंग होता. ‘4बीओ’ या नावाने तो ओळखला जाई आणि टी-34 सारख्या देशी रणगाड्यांना कारखान्यातच दिला जाई. त्यामुळे परदेशी रणगाडेही दाखल होताच याच हिरव्या रंगात बुडवले जात असावेत, असा समज रूढ झाला. रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती बनविणाऱ्या हौशी मंडळींत तर तो विशेष पक्का आहे. तत्कालीन छायाचित्रे मात्र निराळे सांगतात. अनेक छायाचित्रांत रणगाड्याच्या अंगावर ‘टी’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा ब्रिटिश नोंदणी क्रमांक स्पष्ट वाचता येतो. सर्वांगाला नवा रंग दिला असता, तर हा क्रमांक पहिल्या हातातच झाकला गेला असता. आघाडीवर रणगाड्यांची निकड इतकी होती, की चांगल्या स्थितीतील रंग खरवडून नवा देण्यास ना वेळ होता, ना कारण. फिरत्या बुरुजावर लाल तारा, तुकडीचा क्रमांक, क्वचित एखादी घोषणा रंगवली, की रणगाडा ‘सोव्हिएत’ झाला. दुरुस्तीच्या कार्यशाळेत जाऊन आलेल्या रणगाड्यांवर सोव्हिएत हिरवा चढला असणे शक्य आहे. पण तो सरसकट नियम नव्हता.

मग मूळचा ब्रिटिश रंग कोणता? येथे खरी गुंतागुंत आहे, कारण तो एक नव्हताच. 1941 मध्ये ब्रिटनमधील रणगाड्यांना ‘खाकी ग्रीन क्रमांक 3’ हा पिवळसर छटेचा हिरवा दिला जात असे. पुढे क्रोमियम ऑक्साइड या हिरव्या रंगद्रव्याची टंचाई भासू लागली आणि 1942 पासून लष्कराने ‘एससीसी 2’ हा तपकिरी रंग मुख्य रंग म्हणून स्वीकारला. एप्रिल 1944 मध्ये पुन्हा हिरव्याकडे वळून, अमेरिकी वाहनांच्या रंगाशी मिळताजुळता ‘एससीसी 15’ आला. म्हणजे मॉस्कोपाशी लढलेली ‘माटिल्डा’ हिरवी, तर 1943 मध्ये पोहोचलेला एखादा ‘व्हॅलेंटाइन’ चक्क तपकिरी असू शकतो. कृष्णधवल छायाचित्रात हे दोन्ही रंग जवळपास सारखेच करडे दिसतात, हीच संशोधकांची मुख्य अडचण.

हिवाळ्यात हा प्रश्नच मिटे. चुना किंवा खडूचा धुऊन निघणारा पांढरा लेप संपूर्ण रणगाड्यावर फासला जाई. वसंतात बर्फ वितळून जो चिखल होई, तो उरलासुरला रंगही झाकून टाकी. बुलढाणा जिल्ह्यातील बीबी-लोणार पट्ट्यात पावसाळ्यात काळ्या मातीतून बैलगाडी हाकलेल्यांना त्याची कल्पना सहज येईल. ‘माटिल्डा’च्या पट्ट्यांवरील पोलादी झडपांत हा चिखल आणि बर्फ अडकून रणगाडा जागीच खिळत असे; रशियन चालकांची ती नेहमीची तक्रार होती.

या मदतीचा दुसरा मार्ग इराणमधून जात होता आणि त्याचा भारताशी थेट संबंध आहे. ऑगस्ट 1941 मध्ये इराणमध्ये शिरलेल्या फौजांत भारतीय डिव्हिजन होत्या. याच वाटेने ‘टेट्रार्क’ जातीचे वीस हलके रणगाडे कॉकेशसकडे गेले. इराणमार्गे होणाऱ्या पुरवठ्याच्या कामगिरीसाठी रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे सुभेदार नारायणराव निक्कम व हवालदार गजेंद्रसिंह चंद यांना 1944 मध्ये सोव्हिएत सरकारने ‘ऑर्डर ऑफ द रेड स्टार’ हे पदक दिले. आपल्याकडे ही नावे फारशी कोणाला ठाऊक नाहीत, हे खेदजनकच.

रंगाचा विश्वासार्ह पुरावा अखेर धातूवरच सापडतो. उघड्यावर ठेवलेले पोलाद गंजू नये म्हणून जगभरातील संग्रहालयांना रणगाडे पुनःपुन्हा रंगवावे लागतात. ते अपरिहार्य आहे. मात्र त्यापूर्वी जुना थर सरसकट घासून काढला, तर माहितीही त्याबरोबर जाते. एका कोपऱ्यात थर हळूहळू घासत नेल्यास झाडाच्या खोडातील वलयांसारखे रंगांचे वर्तुळाकार पट्टे दिसू लागतात आणि सर्वांत आतला पट्टा कारखान्यातील असतो. अवजारांच्या पेटीमागे, बोल्टच्या डोक्याखाली असा रंग टिकून राहतो. कॅनडात बनलेल्या 1,420 ‘व्हॅलेंटाइन’पैकी 1,388 सोव्हिएत संघाला गेले. त्यांतील एक जानेवारी 1944 मध्ये युक्रेनमधील तेलेपिनो गावाजवळ बर्फ फुटून बुडाला. 1990 मध्ये तो बाहेर काढण्यात आला आणि पुढे कॅनडाला भेट देण्यात आला. ओटावा येथील युद्ध संग्रहालयाच्या संग्रहात तो आहे.