दलालीचं मूळ आणि कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. भाड्याच्या घराची दलाली ही ना नदी ना ऋषी, तेव्हा शोधायला हरकत नाही. मुंबईत रिवाज असा, की डिपॉझिट मालकाला, पहिलं भाडं मालकाला आणि शिवाय एका महिन्याच्या भाड्याएवढी रक्कम एजंटला. पुण्यात कधी पंधरा दिवसांच्या भाड्यावर भागतं. मालकाकडून दलाली मिळाली तर मिळाली, भाडेकरूकडून मात्र ती येतेच. खरं तर जागेला गिऱ्हाईक बघ म्हणून एजंटला सांगितलेलं असतं मालकाने, किल्लीही त्यानेच देऊन ठेवलेली असते.

हे असं उलटं का झालं, याचं उत्तर मला भाडेनियंत्रणाच्या इतिहासात दिसतं. पहिल्या महायुद्धात मुंबईत भाडी भडकली, म्हणून १९१८मध्ये सरकारने त्यांना कायद्याने लगाम घातला. पुढे १९४७चा मुंबई भाडे कायदा आला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधली गेली. शहर वाढत राहिलं, भाडं तिथेच थांबलं. मालकाला भाडं वाढवता येईना आणि भाडेकरूला काढताही येईना. जागेची खरी किंमत भाड्यातून वसूल होत नाही म्हटल्यावर ती मागच्या दाराने येऊ लागली, पागडी म्हणून. नव्याने येणाऱ्याने एकरकमी मोजायची, जागा सोडणाऱ्याने आणि मालकाने वाटून घ्यायची. कायद्याने दोघांनाही असे पैसे घ्यायला मनाई होती. म्हणजे व्यवहार तोंडी, रोख आणि गुपचूप. अशा वेळी निरोप पोचवणारा, रकमेची घासाघीस करणारा आणि तोंड बंद ठेवणारा माणूस लागतोच. आत शिरणाऱ्यानेच सगळ्यांचे हात ओले करायचे, ही सवय माझ्या मते इथेच मुरली.

मग फ्लॅट आले. फ्लॅटमालकाला भीती एकच: भाडेकरू ठेवला तर तो जन्मभर उठणार नाही. त्यावर तोड निघाली लीव्ह अँड लायसन्सची. हे भाडं नव्हे, नुसती वापरायची परवानगी. पण १९७३ साली सरकारने कायदा दुरुस्त केला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला असा करार चालू असताना जागेत राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण देऊन टाकलं. राहणाऱ्यांना लॉटरी लागली, मालकांनी धसका घेतला. यानंतर जागा देणारा मालक माणूस पारखून घेऊ लागला. बँकेतला, बदलीची नोकरी असलेला, कंपनीने भाडं भरणारा असेल तर उत्तम. एजंट विकत होता तो पत्ता नव्हेच. ‘हा माणूस वेळेवर उठेल’ हा भरवसा विकत होता. भरवसा मालकाला, बिल भाडेकरूला.

अकरा महिन्यांची गोष्ट आणखी मजेची. १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांचे करार होऊ लागले. महाराष्ट्रात ३१ मार्च २०००पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने ही पळवाटच बुजवली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. मुदत संपूनही न उठणाऱ्याला दुप्पट रक्कम भरावी लागते. पागडीलाही याच कायद्याने मान्यता दिली. भीतीवर उतारा मिळाला, अकरा महिने मात्र राहिले, आणि त्यांच्यासोबत नूतनीकरणाची दलालीही.

हे नूतनीकरण कसं होतं? एजंटचा पोरगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, सोफ्यावर बसतो. मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोघांचे फोटो, दोन साक्षीदार, चहा. सरकारला मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. यासाठी एजंट पुन्हा अर्ध्या, कधी पुऱ्या महिन्याचं भाडं मागतो. घर तेच, माणूस तोच. लग्न जुळवणाऱ्याने दर वाढदिवसाला दक्षिणा मागावी, तसा हा प्रकार.

बोलावलं ज्याने, पैसे त्याने, हे तत्त्व जर्मनीने १ जून २०१५पासून लागू केलं. तोवर तिथे भाडेकरूकडून दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत दलाली घेतली जाई. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या भाड्याच्या १२ ते १५ टक्के दलाली सर्रास होती. तिथे ११ जून २०२५पासून मालकाच्या एजंटला भाडेकरूकडून दलाली घेता येत नाही. मालक ती भाड्यात मिसळतील, असा आक्षेप तिथेही घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नाही. पण एकरकमी तीस हजार आणि महिन्याला अडीच हजार यांत नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला मोठा फरक पडतो. शिवाय सहा महिन्यांत घर सोडलं तर उरलेलं द्यावं लागत नाही.

आपल्याकडे एजंटच्या बिलावर भाडे कायदा गप्प आहे. २०१६च्या रेरा कायद्याने एजंटांना नोंदणी सक्तीची केली, पण ती खरेदी-विक्रीपुरती. भाड्याच्या जागांसाठी दर बाजार ठरवतो आणि बाजाराचे नियम एजंट आपसात ठरवतात. एकाकडे जागा, दुसऱ्याकडे गिऱ्हाईक असेल तर त्यांची बोली असते ‘साइड बाय साइड’: मालकाकडचं तुझं, भाडेकरूकडचं माझं. मालकाने हात वर केले, की मग भाडेकरूकडचंच दोघांत वाटलं जातं.