किशोरी विकास कार्यक्रम (ग्रामीण महाराष्ट्र)

किशोरी विकास कार्यक्रम : ग्रामीण भागातील साधारण ११ ते १९ वर्षे वयाच्या मुलींचे आरोग्य, शिक्षण व सुरक्षितता सुधारावी आणि स्वतःच्या आयुष्याविषयी बोलण्याची, ठरवण्याची ताकद त्यांच्यात यावी, यासाठी गावपातळीवर चालणारे सामूहिक उपक्रम. महाराष्ट्रात हे काम अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र, शाळा, महिला बचत गट आणि स्वयंसेवी संस्था यांच्यामार्फत होते. मुलींचा नियमित भेटणारा गट हा त्याचा गाभा असून त्याला किशोरी मंडळ, किशोरी गट किंवा बालिका मंडळ अशी नावे आहेत.

पार्श्वभूमी : मुलींच्या विवाहाचे वय हा महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापासून जाहीर वादाचा विषय आहे. बालपणी लावून दिलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला आणि त्यापाठोपाठ आलेला १८९१ चा संमतिवयाचा कायदा हे त्यातील ठळक टप्पे होत. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवले, १९७८ च्या दुरुस्तीने ते १८ झाले. सध्या २००६ चा बालविवाह प्रतिबंध अधिनियम लागू आहे. महाराष्ट्रात खेड्यांत ग्रामसेवकावर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याची जबाबदारी आहे आणि १०९८ या बालमदत क्रमांकावर कोणालाही खबर देता येते.

कायदा कडक झाला, तरी घराघरांतले गणित तेवढ्या वेगाने बदलले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाली होती. परभणी व बीड जिल्ह्यांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर होते. यामागची कारणे गावात सगळ्यांना ठाऊक असतात. पुढची शाळा दुसऱ्या गावी असते, एसटीचा भरवसा नसतो, वाटेवर छेडछाड होते. मुलीचे नाव कोणाशी जोडले गेले तर काय, ही धास्ती आईवडिलांना झोपू देत नाही. मुलगी जास्त शिकली तर तितका शिकलेला मुलगा पाहावा लागेल आणि हुंडाही वाढेल, हा हिशेबही मनात असतोच.

ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात यात आणखी एक कारण मिसळते. मुकादम (मजूर नेणारा ठेकेदार) उचल (आगाऊ रक्कम) देतो ती ‘कोयत्या’वर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आईबाप पाच-सहा महिने फडावर जाणार, तेव्हा वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न लग्नाने सुटतो असे त्यांना वाटते. शिवाय लग्न झाले की नवा कोयता तयार होतो. अशा घरात जाऊन ‘बालविवाह करू नका’ एवढेच सांगणे पुरेसे ठरत नाही.

शासकीय योजना : २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भर लहान मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यावर होता. बालपण आणि मातृत्व यांच्या मधली मुलगी त्यातून सुटत होती. १९९१–९२ मध्ये या योजनेत किशोरींसाठी स्वतंत्र भाग जोडण्यात आला. पुढे २००० च्या सुमारास किशोरी शक्ती योजना आली. २०१० मध्ये देशातील २०० जिल्ह्यांत ‘सबला’ योजना सुरू झाली. तिच्यात वर्षातील ३०० दिवस रोज ६०० कॅलरी व १८ ते २० ग्रॅम प्रथिने देणारा पूरक आहार, लोहाच्या गोळ्या, आरोग्य तपासणी, जीवनकौशल्यांचे शिक्षण आणि मोठ्या मुलींसाठी व्यवसाय प्रशिक्षण यांची तरतूद होती. अंगणवाडीच्या क्षेत्रात १५ ते २५ मुलींचा गट करून त्यातूनच एक ‘सखी’ व दोन ‘सहेली’ निवडायच्या आणि त्यांनी गट चालवायचा, अशी तिची रचना होती. नंतर या योजनेची व्याप्ती आधी शाळाबाह्य ११ ते १४ वर्षांच्या मुलींपुरती आणि पुढे मुख्यतः आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या) जिल्ह्यांतील १४ ते १८ वर्षांच्या मुलींपुरती आखडली. आरोग्य खात्याचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून चालू आहे.

पाचोडचा प्रयोग : छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण तालुक्यात पाचोड येथे डॉ. अशोक द्यालचंद यांच्या नेतृत्वाखालील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू केला. १२ ते १८ वर्षांच्या, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि शेतात मजुरीला जाणाऱ्या मुली यात होत्या. आठवड्याच्या प्रत्येक कामाच्या दिवशी संध्याकाळी तासभर वर्ग भरे. दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या मुलीला मोकळीक मिळते ती त्याच वेळी. शिकवणाऱ्या बाया बाहेरून आणलेल्या नव्हत्या. त्याच गावातल्या, किमान सातवीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन तयार केले होते. अभ्यासक्रम ठरवताना पालकांचे म्हणणे विचारले गेले. आरोग्य व आहाराबरोबर ग्रामपंचायत, बँक, पोस्ट यांचे व्यवहार, कायदा आणि सामाजिक प्रश्न असे विषय त्यात होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या भागाशी तुलना करून झाले. कार्यक्रमाच्या गावांत १९९७ ते २००१ या काळात विवाहाचे मध्यक वय १६ वरून १७ वर आले. अठरा वर्षांखालील मुलींच्या लग्नांचे प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांपर्यंत उतरले. एका वर्षाची वाढ कागदावर लहान दिसते. सोळाव्या वर्षीच्या बाळंतपणातला धोका ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना तिची किंमत कळते. त्याच संस्थेने लग्न झालेल्या किशोरींसाठीही वेगळे काम उभारले, हे तितकेच महत्त्वाचे. लग्न होताच मुलीचे नाव गटाच्या वहीतून गळते आणि नेमकी तेव्हाच तिला माहितीची व आधाराची सर्वाधिक गरज असते.

कामाची पद्धत : गटाची बैठक अंगणवाडीत, समाजमंदिरात किंवा एखाद्या घराच्या ओसरीवर होते. सुरुवातीला मुली खाली मान घालून बसतात. म्हणून प्रशिक्षिका व्याख्यानाऐवजी कृती घेतात. मोठा कागद जमिनीवर अंथरून त्यावर एका मुलीला झोपवतात, बाकीच्या तिच्याभोवती खडूने रेघ ओढतात आणि त्या आकृतीत एकेक अवयव भरत जातात. गर्भाशय कुठे असते, पाळी का येते, हे प्रश्न मग कागदाला विचारले जातात आणि संकोच गळतो. दुसऱ्या एका कृतीत मुली गावाचा नकाशा काढतात आणि जिथून जायला भीती वाटते त्या जागांवर खुणा करतात : दारूचा गुत्ता, बंद पडलेला दिव्याचा खांब, स्टँडवरचा कोपरा. असा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवला की मुलींची तक्रार गावाच्या कामाची यादी होते.

लैंगिकता शिक्षणाच्या क्षेत्रात गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग यांच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांनी मोकळ्या, शास्त्रीय भाषेची वाट घालून दिली. अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पातही किशोरींचे गट हा कामाचा भाग झाला.

आहार व आरोग्य : २०१९–२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात किशोरांना आठवड्याला एक निळी गोळी दिली जाते. तिच्यात ६० मिलिग्रॅम (२०१८ पूर्वी १०० मिलिग्रॅम) लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही देतात. निळी गोळी उपाशीपोटी घेतली तर मळमळते, शौचाचा रंग काळा होतो, आणि दोघी-तिघींना उलटी झाली की गावभर अफवा पसरते. म्हणून अनुभवी सेविका आणि शिक्षिका खिचडी खाऊन झाल्यावरच, समोर उभे राहून गोळी घ्यायला लावतात. मासिक पाळीच्या स्वच्छतेसाठी महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये ‘अस्मिता’ योजना आली. जिल्हा परिषद शाळांतील मुलींना आठ सॅनिटरी नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत बचत गटांमार्फत देण्याचे तिने ठरवले. मात्र शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी आणि दाराला कडी नसेल, तर पाकीट दप्तरातच राहते आणि मुलगी घरी.

शाळेची वाट : अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतील मुलींना सायकली देण्यात आल्या व त्यांच्यासाठी निळ्या बसगाड्या सोडण्यात आल्या. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये २००४ पासून निवासी शिक्षण देतात. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आणि २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. बालविवाह रोखण्याचे साधन म्हणून या सोयींचे मोल प्रबोधनापेक्षा कमी नाही. सहाची बस वेळेवर आली, तर मुलीच्या शिक्षणाच्या बाजूने घरात बोलणाऱ्या आईला बळ मिळते.

मर्यादा : निधी संपला की प्रकल्प संपतो आणि गट विस्कटतात. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्ती यांच्यावर आधीच नोंदवह्यांचे ओझे असते. कामावर जाणाऱ्या, स्थलांतरित, भटक्या-विमुक्त व आदिवासी पाड्यांवरच्या मुली बहुधा सर्वांत शेवटी गटात येतात. मुलगे आणि वडील यांच्याशी वेगळे बोलणे झाले नाही, तर निर्णय घेण्याचे सगळे ओझे ज्या मुलीच्या हाती काहीच नाही तिच्यावर पडते. लग्न मोडायला पोलीस आले, पण नंतर त्या घराची विचारपूस करणारे कोणी नसले, तर तेच लग्न दुसऱ्या गावी गुपचूप लागते.

मूल्यमापन : अशा कार्यक्रमांचे अहवाल किती गट स्थापन झाले, किती गोळ्या व पाकिटे वाटली या आकड्यांवर थांबतात. दहावीनंतर गावातल्या किती मुली शिकत राहिल्या, किती जणींचे हिमोग्लोबिन वाढले, लग्न ठरवताना किती जणींना आधी विचारले गेले, हा हिशेब ग्रामसभेत दरवर्षी मांडला पाहिजे. पाचोडसारख्या ठिकाणी जे साधले, ते मुलींना रोजचा एक तास मिळाल्यामुळे आणि पालक सोबत आल्यामुळे. तो तास प्रत्येक गावाने आपल्या मुलींसाठी राखणे खर्चाचे नाही. त्यासाठी गावाची तयारी लागते, आणि ती घडवणे हेच या कार्यक्रमांचे मुख्य काम आहे.