कोट्याच्या चुनखडीतला मासा

गोंदियाच्या कडेने वाहणारी वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत विसर्जित होते. गोंदिया-भंडारा भागातील साकोली गटाचे खडक उष्णता व दाबाने इतके बदललेले आहेत की त्यांत हाडे शोधणे व्यर्थ. तेच पाणी खाली गडचिरोलीच्या टोकाला मात्र जीवाश्मांनी भरलेल्या चुनखडीजवळून जाते. तेथे प्राणहितेकाठी कोटा नावाचे खेडे आहे. आजचा धागा तिथल्या माशांविषयी.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. कोट्याच्या पातळ थरांच्या चुनखडीत दबलेले मासे लंडनला पोहोचले आणि १८५१ मध्ये कर्नल साइक्स यांनी ते जिऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडले. साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील जिवंत माशांवर पूर्वीच लिहिले होते. पण दगडातला हा मासा त्या ओळखीतला नव्हता. वर्णनाचे काम सर फिलिप ग्रे एगर्टन यांच्याकडे गेले.

ओळख पटवायची कशी? मांस तर नष्ट झालेले. उरतात ते प्रामुख्याने खवले. आपल्या रोहू-कटल्याचे खवले पातळ, गोलसर असतात. कोट्याच्या माशाचे खवले जाड, चौकटीच्या आकाराचे आणि वरून दातासारखे चकचकीत. लुई अगासी या स्विस अभ्यासकाने खवल्यांवरून माशांचे गट पाडले होते आणि एगर्टन त्याच परंपरेतले. त्यांनी हा मासा ‘लेपिडोटस’ या युरोपातील ज्ञात कुळात बसवला. जातीचे नाव ठेवले ‘डेक्कनेन्सिस’. कोटा पठारावर नाही, गोदावरीच्या खोऱ्यात आहे. पण लंडनहून पाहताना सगळेच दख्खन दिसत असावे!

नावापेक्षा महत्त्वाचा ठरला त्यामागचा निष्कर्ष. इंग्लंडमध्ये असे मासे ‘लायस’ या प्रारंभिक जुरासिक खडकांत सापडत. म्हणून कोट्याची चुनखडीही त्याच काळातली मानली गेली. म्हणजे प्राणहितेकाठच्या दगडाचे वय इंग्लंडच्या दगडाशी ताडून ठरले.

याच चुनखडीतला दुसरा एक मासा ‘डॅपेडियस’ या इंग्लिश कुळात घातला गेला होता. १९७३ मध्ये एस. एल. जैन यांनी तो नव्याने तपासला आणि ‘पॅराडॅपेडियम’ हे स्वतंत्र कुळ स्थापन केले. कोट्याचा मासा युरोपातल्या माशाचा नातलग होता, पण तोच नव्हता. माझ्या मते या इतिहासातले हे सर्वांत महत्त्वाचे वळण, कारण नाते जितके सैल होते तितका त्यावर बेतलेला काळही सैल होतो.

मग बारापासॉरसचे काय? भारतीय सांख्यिकी संस्थेच्या चमूने याच परिसरात चुनखडीखालच्या थरांतून काढलेला आणि १९७५ मध्ये रवींद्रनाथ टागोरांच्या नावाने ‘टागोरी’ म्हणून नोंदलेला हा प्रचंड शाकाहारी डायनासोर जगातील आरंभीच्या सॉरोपॉडांपैकी एक गणला जातो. हे स्थान बऱ्याच अंशी त्या माशांच्या वयावर उभे आहे. पुढे ऑस्ट्राकोड या सूक्ष्म कवचधारी जीवांवरून काही अभ्यासकांनी चुनखडीचा काळ मध्य जुरासिककडे सरकवला. तो वाद अजून चालू आहे, आणि त्यात प्रत्येक बाजूला पुन्हा त्याच खवल्यांकडे वळावे लागते.